किट लेन्सनंतर काय? वाचकांचे कॅमेराविषयक प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: कॅमेरा घेऊन झाला, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स आली आणि आता हातात थोडेच पैसे उरलेत, ते कशावर घालू? माझं काम लेन्स दुरुस्तीचं. त्यामुळे लेन्स मी बाहेरून कमी आणि आतून जास्त पाहते, आणि माझी उत्तरंही त्याच बाजूने येतात. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ताई, घरात लहान मुलांचे फोटो काढते. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सगळे हललेले आणि पिवळट येतात. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवला की दाणे दिसतात. कॅमेरा बदलावा का?

उत्तर : कॅमेरा अजिबात बदलू नका. तुमची अडचण उजेडाची आहे आणि ती लेन्सने सुटते. किट लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ ५.६ एवढीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ३५ किंवा ५० मिमीची एफ १.८ची साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स पूर्ण उघडली, तर सेन्सरवर त्याच्या जवळपास दहापट उजेड पडतो. म्हणजे आज जिथे कॅमेरा १/१५ सेकंदाचा शटर स्पीड देतोय, तिथे त्याच आयएसओवर १/१२५ किंवा थोडा आणखी वेग मिळेल. धावणारं मूल १/१५ला हलणारच, मग तुमचा हात कितीही स्थिर असो. लेन्समधला स्टॅबिलायझर फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतो, मुलाची पळापळ नाही.

३५ की ५०, हे घराच्या खोल्या ठरवतील. १८-५५ची किट लेन्स आली, म्हणजे तुमचा सेन्सर एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) आकाराचा आहे. त्यासाठी निकॉन, सोनी, फुजीत दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पटीचा हिशोब. ५० मिमी त्यावर ७५ ते ८० मिमीसारखी वागते. चेहरे सुंदर येतात, पण लहान खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकते आणि तरी मूल अर्धंच फ्रेममध्ये मावतं. पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा: किट लेन्सची रिंग ३५वर फिरवून तिथे चिकटपट्टी लावा आणि काही दिवस तेवढ्यावरच फोटो काढा. मग ५०वर. कुठे अडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

निकॉनसाठी २००९ साली आलेली एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी ही घरातल्या फोटोंसाठी मी सर्वात आधी सुचवते. कॅननच्या डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी) ५० मिमी एफ १.८ एसटीएम आहे. ती २०१५मध्ये आली आणि तिच्या आधीच्या आवृत्तीचं प्लास्टिकचं माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं कडं) जाऊन धातूचं आलं. २४ मिमी एफ २.८ एसटीएम ही कॅननची चपटी लेन्स खोलीसाठी जास्त सोयीची, फक्त उजेड एफ १.८च्या निम्म्याहून कमी.

निकॉनवाल्यांनी एक गोष्ट पक्की तपासावी. डी ४०, डी ६०, डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना लेन्समध्येच मोटर लागते. नावात नुसतं ‘एएफ’ आणि पुढे ‘डी’ असलेली ५० मिमी एफ १.८ स्वस्तात दिसेल, कॅमेऱ्यावर बसेलही, पण फोकस हातानेच करावा लागेल. धावत्या मुलांसाठी ती घेऊ नका.

लेन्स आल्यावर पहिल्या दिवशी एफ १.८ वापरून बघालच, आणि निम्मे फोटो धूसर निघतील. ५० मिमीवर, दीड मीटर अंतरावरून, एफ १.८ला स्पष्ट दिसणारी जाडी साधारण सहा सेंटीमीटर असते. नाकावर फोकस झाला आणि मूल जरा पुढेमागे झुकलं, की डोळे गेले. त्यामुळे फोकस बिंदू स्वतः निवडून डोळ्यावर ठेवा आणि एफ २.२ किंवा २.८ला काढा. दोन मुलं एका फ्रेममध्ये असतील तर एफ ४. पिवळेपणाचा लेन्सशी संबंध नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दिव्याप्रमाणे निवडा किंवा रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढून नंतर सुधारा.

प्रश्न : मला पक्ष्यांची आवड आहे. ७०-३०० मिमी स्वस्तात मिळतेय. की सगळं एकातच असलेली १८-२०० घेऊ? किट लेन्सवर स्क्रूने बसणारा ‘दुप्पट जवळ आणणारा’ भिंगाचा तुकडाही पाहिला.

उत्तर : तो तुकडा घेऊ नका. कडेला रंगांच्या किनारी आणि मधोमध धूसरपणा, यापलीकडे त्यातून काही मिळत नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारा दोनपट टेलिकन्व्हर्टरही तुमच्या कामाचा नाही. तो उजेडाचे दोन स्टॉप खातो (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे एफ ५.६ची लेन्स एफ ११ होते, आणि बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो.

७०-३००च्या बाबतीत पहिला प्रश्न असा विचारा, की तिच्यात स्टॅबिलायझर आहे का? तो नसलेल्या जुन्या ७०-३०० सर्वात स्वस्त असतात, आणि नवे लोक नेमक्या त्याच घेतात. एपीएस-सीवर ३०० मिमी म्हणजे ४५० मिमीचा दृष्टिकोन, तेव्हा हातात धरून किमान १/५०० सेकंद हवा. एफ ५.६ला एवढा वेग भर उन्हात मिळतो. पक्षी मात्र सकाळी लवकर आणि झाडाच्या सावलीत बसतात. कॅननसाठी ५५-२५० मिमी आयएस एसटीएम, ही २०१३ची लेन्स, ५० मिमीने आखूड असूनही मी आनंदाने सुचवते. स्टॅबिलायझर आहे, फोकस झटपट आहे आणि वजन इतकं कमी की ती घरी राहत नाही. निकॉनमध्ये एएफ-पी ७०-३००ची व्हीआर, म्हणजे स्टॅबिलायझर, असलेली आवृत्ती चांगली. पण एएफ-पी लेन्स डी ९० किंवा डी ३०००सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत. आपल्या मॉडेलचं नाव निकॉनच्या सुसंगततेच्या यादीत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

१८-२०० प्रवासात बरी, पण लांब टोकाला ती ७०-३००ची जागा घेत नाही.

आणि एक काम आजच करा. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ (मिमीचा आकडा), अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) आणि शटर स्पीडची नोंद असते. फोटो पाहायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ‘माहिती’ उघडलं की ती दिसते. तुमच्या गेल्या काही महिन्यांतल्या आवडत्या फोटोंच्या नोंदी बघा. बहुतेक फोटो १८ मिमीला असतील, तर तुमचा जीव मोकळ्या दृश्यांत रमतो आणि लांब लेन्स कपाटात राहील. बहुतेक ५५ला असतील आणि प्रत्येक वेळी कापून मोठा करावा लागला असेल, तर खुशाल लांब लेन्स घ्या. लेन्स निवडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही, आणि त्याला खर्चही नाही. पक्ष्यांच्या बाबतीत आणखी एक: अंतर निम्मं केलंत तर पक्षी तेवढाच मोठा दिसतो, जेवढा दुप्पट लांबीच्या लेन्सने दिसला असता. एका जागी गुपचूप बसून राहायला शिकणं हे पक्षी छायाचित्रकाराचं पहिलं भांडवल आहे.

प्रश्न : मॅडम, मी शाळेत शिकतो. आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमीची लेन्स मला मिळाली आहे. मागे स्क्रूसारखे आटे आहेत. ती माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर लागेल का?

उत्तर : तुझ्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. आटे ४२ मिमी व्यासाचे असतील, तर ते एम ४२ माउंट आहे. एके काळी अनेक देशांतल्या अनेक कंपन्या ते वापरत, म्हणून त्या लेन्स आजही भरपूर सापडतात. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४, जपानी टाकुमार, या सगळ्या त्यातल्याच.

ती तुझ्या कॅमेऱ्यावर चालेल का, हे एका अंतरावर ठरतं: माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. एम ४२ लेन्सला ते ४५.४६ मिमी हवं असतं. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिमी आहे. म्हणजे मधे दीडेक मिलीमीटरचं पातळ कडं बसवलं की हिशोब बरोबर जुळतो. निकॉनच्या एफ माउंटमध्ये मात्र ते ४६.५ मिमी, म्हणजे लेन्स आधीच गरजेपेक्षा दूर. तिथे साध्या कड्याने जवळचं दिसेल, पण डोंगर, झाडं, दूरची माणसं कधीच स्पष्ट होणार नाहीत. त्यावर उपाय म्हणून भिंग घातलेलं कडं विकतात, पण ते चित्राची धार घालवतं. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने हे अंतर फार कमी असतं, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी आणि निकॉन झेडमध्ये १६. त्यामुळे मिररलेसवर जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स योग्य अ‍ॅडॅप्टरने चालते.

अ‍ॅडॅप्टर लावल्यावर कॅमेरा कदाचित शटरच उघडणार नाही, कारण त्याला लेन्स आहे हे कळतच नाही. मेनूत ‘लेन्स नसताना शटर’ असा पर्याय शोधून चालू कर. अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या रिंगने बदलायचं. फोकस हाताने करायचा, आणि मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून बघायचं. घाई करू नकोस. एफ २ पासून एफ ११ पर्यंत एकाच खिडकीचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेव. अ‍ॅपर्चर काय करतं हे तुला पुस्तकाच्या पानापेक्षा लवकर समजेल.

लेन्सची काच पिवळी दिसत असेल तर घाबरू नकोस. काही जुन्या लेन्समध्ये, उदाहरणार्थ काही टाकुमार ५० मिमी एफ १.४मध्ये, थोरियम मिसळलेली काच वापरली आहे आणि ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशाखाली किंवा खिडकीतल्या उन्हात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. लेन्स थेट सूर्याकडे तोंड करून ठेवू नकोस, भिंगातून गोळा झालेलं ऊन काहीही पेटवू शकतं. थोरियम किंचित किरणोत्सारी असतं. फोटो काढायला हरकत नाही, पण अशी लेन्स उघडायची किंवा काच घासायची नाही.

प्रश्न : सेकंडहँड लेन्स घ्यायची भीती वाटते. घेताना काय बघावं?

उत्तर : भीती रास्त आहे, पण नीट पाहून घेतलेली वापरलेली लेन्स हीच हौशी माणसाची सर्वात मोठी बचत असते. चांगली वापरलेली लेन्स पुढेही वर्षानुवर्षं चालते. माझ्या टेबलावर ज्या क्रमाने मी लेन्स तपासते, तोच क्रम सांगते.

आधी दोन्ही टोपणं काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. सरळ पाहिलं तर काही दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा पिसासारखे पांढरे धागे दिसले, तर ती बुरशी. तिथेच थांबा आणि लेन्स परत द्या. बुरशी साफ करता येते, पण ती काचेवरचा लेप खाते आणि तो डाग उरतो. नुसती एकसारखी धुकट झाक दिसली तरी घेऊ नका. ती वंगणाच्या वाफेमुळे किंवा दोन काचांमधला गोंद सुटल्यामुळे असते, आणि उजेडासमोर फोटो फिका पडतो. आतले धुळीचे चार कण मात्र सोडून द्या. लोक धुळीला घाबरतात आणि धुक्याकडे दुर्लक्ष करतात, हे मी नेहमी पाहते. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही फोटोत सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा जास्त त्रास देतो.

मग अ‍ॅपर्चरची पाती. ती कोरडी हवीत. चकाकणारं तेल दिसलं तर पाती अडखळतात. इलेक्ट्रॉनिक लेन्समध्ये पाती सहज दिसत नाहीत, म्हणून कॅमेऱ्यावर लावून, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीमध्ये (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर स्पीड कॅमेरा) एकाच भिंतीचे एफ ४, ८ आणि १६ला फोटो काढा. तिन्हींचा उजळपणा सारखा आला पाहिजे. एफ १६चा जास्त उजळ आला, तर पाती वेळेवर मिटत नाहीत.

शेवटी वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर धरा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर ते त्या लेन्सचं बांधणीतलंच आहे. पण एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर असेल, तर आतली काच सरकलेली आहे. अशी लेन्स बहुधा पडलेली असते. फिल्टर बसतो त्या कडेला पोचा आहे का, तेही बोट फिरवून बघा. झूमची नळी किंचित हलते ते चालतं. रिंग फिरवताना मधेच खरखर लागली तर नाही.

विकणारा हे सगळं करू देत नसेल, तर ती लेन्स तुमच्यासाठी नाही.

घरी आणल्यावर ती चामड्याच्या जुन्या डब्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला तेच हवं असतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. जेलने रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडं करा. आणि लेन्स वापरा. माझ्याकडे बुरशी लागून येणाऱ्या बहुतेक लेन्स बरेच दिवस अंधारात बंद पडलेल्या असतात.

प्रश्न : दुकानदार प्रत्येक लेन्सवर यूव्ही फिल्टर घ्याच म्हणतो. गरज आहे?

उत्तर : अतिनील किरणांसाठी नाही. सेन्सरसमोरच्या काचेत त्यांचा बंदोबस्त आधीच असतो. समुद्राचे तुषार, उडती वाळू असेल तिथे संरक्षण म्हणून लावा, पण स्वस्त फिल्टर रात्रीच्या दिव्यांच्या भुताटकी प्रतिमा फोटोत आणतो. त्यापेक्षा हूड (लेन्सच्या पुढे बसणारा आडोसा) घ्या. तो धक्का झेलतो, तिरकं ऊन अडवतो आणि चित्राला इजा करत नाही.

फिल्टरवर पैसे घालायचेच असतील तर सर्क्युलर पोलरायझरवर घाला. पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो, आणि तो परिणाम नंतर संगणकावर आणता येत नाही. निळ्या आकाशावर मात्र कॅमेरा सूर्यापासून काटकोनात असला की परिणाम सर्वाधिक. उजेडाचा साधारण दीड स्टॉप जातो. तुमच्या सर्वात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या आणि छोट्या लेन्ससाठी स्टेप-अप रिंग (मोठ्या मापाचा फिल्टर बसवणारं कडं) वापरा. माप लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं.

प्रश्न : फुलं आणि किड्यांचे अगदी जवळून फोटो काढायचे आहेत. मॅक्रो लेन्स परवडत नाही.

उत्तर : दोन चांगले रस्ते आहेत. तुमच्याकडे ५० मिमीची प्राइम असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ही आतून पोकळ नळी, काच नाहीच, त्यामुळे चित्राची धार बिघडायला काही कारण नाही. २५ मिमीची ट्यूब ५० मिमीच्या लेन्सला सुमारे अर्धी पट मोठेपणा वाढवून देते, म्हणजे दोन सेंटीमीटरचं फुलपाखरू सेन्सरवर एक सेंटीमीटरचं. इलेक्ट्रिक संपर्क असलेलीच घ्या. त्याशिवायच्या ट्यूब खूप स्वस्त असतात, पण आजच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर त्यावर बदलता येत नाही, आणि मॅक्रोत एफ ११ हाताशी असणं फार गरजेचं आहे.

लांब झूम असेल तर क्लोज-अप लेन्स लावा. ती फिल्टरसारखी पुढे बसते. अधिक २ डायॉप्टर म्हणजे लेन्स अनंतावर असताना अर्ध्या मीटरवर फोकस, अधिक ४ म्हणजे पाव मीटरवर. एकेरी काचेचे संच टाळा, दोन काचा जोडलेली अ‍ॅक्रोमॅट प्रकारची एकच घ्या. रेनॉक्सची डीसीआर-२५० ही अधिक ८ची असून चिमट्याने ५२ ते ६७ मिमीच्या लेन्सवर बसते. फोकस रिंगने शोधत बसू नका. रिंग स्थिर ठेवून शरीरच किंचित पुढेमागे करा. आणि वारा पडण्याची वाट बघा.

प्रश्न : हलका ट्रायपॉड घेतला, तरी रात्रीचे फोटो हलतात.

उत्तर : मधली दांडी वर केली असेल, ती खाली घ्या. आधी जाड पाय उघडा, बारीक पाय शेवटी. दांडीच्या खालच्या हुकाला कॅमेऱ्याची बॅग टांगा, पण ती झोके घेणार नाही इतकी खाली, जमिनीला टेकलेली. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. लेन्सचा स्टॅबिलायझर बंद करा, जुन्या लेन्समध्ये तो स्थिर कॅमेऱ्यावर उगीच हालचाल करतो. एवढं करूनही हललं तर ट्रायपॉड बदला, आणि नवा घेताना कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या किमान दुप्पट भार पेलणारा घ्या.

प्रश्न : वडिलांचा फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश आहे. डिजिटलवर लावला तर चालेल?

उत्तर : तपासल्याशिवाय लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कावर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि त्याने आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्याकडून मीटरने मोजून घ्या आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. नवा घ्यायचा तर डोकं वर आणि बाजूला फिरणारा साधा मॅन्युअल फ्लॅश पुरे. पांढऱ्या छतावर उडवलेला उजेड चेहऱ्यावर किती मऊ उतरतो ते पाहिल्यावर तुम्ही समोरून फ्लॅश मारणार नाही.

प्रश्न : मेमरी कार्ड आणि जादा बॅटरी स्वस्तातली चालेल का?

उत्तर : बॅटरी दुसऱ्या कंपनीची चालते, पण कॅमेऱ्यात ढकलावी लागत असेल किंवा फुगीर दिसत असेल तर ती घालू नका, आत अडकली की काढताना दार तुटतं. कार्डाच्या बाबतीत आधी कॅमेऱ्याची पुस्तिका बघा. जुने कॅमेरे ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसीच वाचतात, त्यापुढचं एसडीएक्ससी त्यांना कळत नाही. व्हिडिओ काढत असाल तर व्ही ३० लिहिलेलं घ्या, ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. नकली कार्डं बाजारात खूप आहेत. त्यांच्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं, आत जागा थोडीच असते, आणि ती भरल्यावर पुढचे फोटो नाहीसे होतात. कार्ड आल्या आल्या संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हा मोफत प्रोग्रॅम चालवून पूर्ण जागा तपासा, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. महत्त्वाच्या कार्यक्रमाला नवं, न तपासलेलं कार्ड नेऊ नका.